नातीचा अंगठा आणि आपले कर्तव्य

गेल्या दिवाळीत आमची पाच वर्षांची नात अकोल्याहून अमरावतीला आली. दिवसभर घरभर बागडणारी ही मुलगी निजायची वेळ झाली की अंगठा तोंडात घालीत असे. मी दोनदा रागावलो. सौभाग्यवतींनी अंगठ्याला कडुनिंबाचा रस लावून पाहिला. परिणाम एवढाच झाला की ती पांघरुणाआड अंगठा चोखू लागली. अखेर तिला दंतवैद्यांकडे नेले, तेव्हा त्यांनी प्रथम आम्हा मोठ्यांनाच समजावले.

अंगठा चोखणे हा मुलाचा दोष नव्हे. बाळ गर्भात असतानाही अंगठा चोखते, हे सोनोग्राफीत दिसते. त्यातून त्याला सुरक्षित वाटते. बहुतेक मुले दोन ते चार वर्षांच्या दरम्यान ही सवय आपोआप सोडतात. त्यानंतरही ती टिकल्यास मात्र लक्ष घालावे.

वाढत्या वयात जबड्याचे हाड कोवळे असते. अंगठा वरचे पटाशीचे दात पुढे ढकलतो आणि खालचे आत दाबतो. परिणामी दाढा मिटल्या तरी समोरचे दात एकमेकांना टेकत नाहीत, मध्ये फट राहते. चोखताना जीभ खाली राहते व गालांचा दाब पडतो, त्यामुळे वरचा जबडा अरुंद आणि टाळू खोल होतो. फटीतून जीभ पुढे येऊ लागते व ‘स’चा उच्चार बिघडतो. मूल किती जोराने, दिवसातून किती वेळ आणि किती वर्षे चोखते, यावर हानी ठरते.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला थकीत कर्ज आठवले. वेळीच लक्ष दिले तर थोडक्यात निभावते. कायमचे पटाशीचे दात सहाव्या-सातव्या वर्षी येतात. त्यापूर्वी सवय सुटली तर समोरची फट पुष्कळदा आपोआप भरून येते. अरुंद झालेला जबडा मात्र स्वतःहून सुधारेलच असे नाही. मग तारा, उपकरणे आणि दीर्घ उपचार आले.

दंतवैद्यांनी विचारले, ‘ती अंगठा केव्हा घेते?’ तेव्हा उलगडा झाला. घरात धाकटा भाऊ आला होता, आई त्याच्यात गुंतलेली आणि वडील दुकान वाढवून रात्री उशिरा घरी येत. अंगठा हाच तिचा सोबती झाला होता.

मग चिडवणे, रागावणे, कडू रस सारे थांबवले. अंगठा न घेतलेल्या रात्रीसाठी कॅलेंडरवर ती स्वतः चांदणी चिकटवू लागली. चिरंजीव अर्धा तास आधी घरी येऊन तिला गोष्ट सांगू लागले. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आली, तेव्हा अंगठा सुटला होता.

एवढे करूनही सवय सुटत नसेल, तर अमरावतीत विदर्भ युथ वेल्फेअर सोसायटीचे आणि नागपुरात शासकीय दंत महाविद्यालय आहे. तेथे अवश्य दाखवावे. गरज पडल्यास टाळूला उपकरण बसवता येते, तेही मुलाला विश्वासात घेऊनच.

दुकानाचा हिशेब आपण रोज रात्री पाहतो. त्यापूर्वी अर्धा तास मुलांच्या उशाशी बसावे, एवढीच विनंती.