अर्जात आपल्या लेखनाचा उल्लेख करावा काय?

गेल्या वर्षावासात विहाराच्या अभ्यासिकेत आमच्याच वसाहतीतला एक मुलगा आपला बायोडाटा घेऊन आला. बी. कॉम. झालेला, टंकलेखन येते, संगणकाचा कोर्स केलेला. शेवटी ‘इतर’ या मथळ्याखाली त्याने लिहिले होते : तीन कविता व एक लेख प्रकाशित. त्या ओळीवर पेन्सिलीने काट मारलेली होती आणि काट पुन्हा खोडरबराने पुसलेली होती. “काका, बाबा म्हणतात काढून टाक, सर म्हणतात राहू दे. तुम्ही बँकेत आहात, तुम्ही सांगा.”

बँकेतल्या कारकुनाला सर्व ठाऊक असते असा आपल्या समाजात एक गोड गैरसमज आहे. तरीपण या एका विषयात आम्ही स्वतः ठेचा खाल्ल्या आहेत, म्हणून चार शब्द लिहिण्याचे धाडस करतो.

आधी सोपा भाग संपवू. ज्या नोकरीला मुलाखतच नाही, तेथे हा प्रश्न उद्भवत नाही. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंद केल्या. बँकांतील कारकुनांची निवडही आता लेखी परीक्षेच्या गुणांवर होते, जोडीला स्थानिक भाषेची चाचणी. अर्ज संगणकावर भरायचा, त्यात ठरलेले रकाने. तुमच्या कवितेला तेथे जागाही नाही आणि तिचा अडथळाही नाही. अशा परीक्षेला बसणाऱ्याने कवितेची वही कपाटात ठेवून गणिताची बाहेर काढावी.

अधिकारी पदाचे तसे नाही. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत एकूण २०२५ गुणांपैकी २७५ गुण मुलाखतीचे असतात, आणि उमेदवाराने भरून दिलेल्या सविस्तर अर्जात छंद व आवडीनिवडींना जागा असते. तेथे लिहिलेला प्रत्येक शब्द म्हणजे मंडळाच्या हाती आपणच दिलेली प्रश्नपत्रिका. खाजगी कंपनीतही हाच प्रकार, फक्त लहान प्रमाणात.

आमची स्वतःची गोष्ट सांगतो. २००८ साली आम्ही एका बँकेच्या मुलाखतीला गेलो. तेव्हा कारकुनाच्या जागेलाही मुलाखत असे. अर्जात मोठ्या ऐटीत ‘काव्यलेखन’ असे लिहिले होते आणि कात्रणांची फाईल काखेत होती. पहिलाच प्रश्न आला, “तुमच्या एखाद्या कवितेच्या चार ओळी म्हणा.” काय सांगावे! स्वतःची कविता आम्हाला आठवेना. दोन ओळींवर गाडी अडली. मग मंडळातल्या एका सदस्याने फाईल मागून घेतली व पाने उलटू लागले. आमच्या वस्तीतल्या नळाला पाणी येत नाही, नगरपालिका लक्ष देत नाही, अशा आशयाचा आमचा एक लेख त्यात होता. तो त्यांनी सावकाश वाचला आणि विचारले, “नोकरीत आल्यावरही असेच लिहिणार का?”

आम्ही गप्प. होय म्हणावे तर भीती, नाही म्हणावे तर लाज. त्या बँकेत आमची निवड झाली नाही. ती लेखामुळे झाली नाही असे आम्ही म्हणणार नाही आणि लेखामुळेच गेली असेही म्हणणार नाही. त्या दिवशी आम्ही हिशेबाचे प्रश्नही चुकलो होतो. पण तो प्रश्न मात्र घरापर्यंत सोबत आला. नियम काय आहेत हेच आम्ही वाचले नव्हते.

ते नियम विद्यार्थी मित्रांनी आजच वाचून ठेवावेत. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना १९६४ चे वर्तणूक नियम लागू आहेत, महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना १९७९ चे. राष्ट्रीयीकृत बँकांच्या अधिकाऱ्यांसाठी १९७६ ची विनियमावली आहे. भाषा वेगवेगळी असली तरी रोख साधारण एकच : निव्वळ वाङ्मयीन, कलाविषयक वा शास्त्रीय लेखनाला आडकाठी नाही, वृत्तपत्र चालवायचे किंवा संपादन करायचे तर परवानगी हवी, सरकारच्या धोरणावर जाहीर टीका आणि कचेरीतील माहिती बाहेर देणे चालत नाही. म्हणजे २००८ साली आम्हाला साधे उत्तर देता आले असते : “साहेब, कविता व कथा लिहीन, नोकरीच्या नियमांत राहून लिहीन.” एवढ्या उत्तराला कोणी नावे ठेवली नसती.

आता अवघड भाग. त्या मुलाचे वडील ‘काढून टाक’ का म्हणाले, हे आम्हाला न सांगताच समजले होते. लेख ज्या अंकात आला त्या अंकाचे नाव वाचले की मुलगा कोणत्या समाजाचा हे वाचणाऱ्याला कळते. ही भीती मनाची नाही. सुखदेव थोरात व पॉल अॅटवेल यांनी ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’मध्ये ऑक्टोबर २००७ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठविले. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता ०.६७ पट निघाली, मुस्लिम नावाला ०.३३ पट. हे आकडे वाचल्यावर त्या बापाला भित्रा म्हणण्याचा अधिकार कोणाला उरतो?

आपल्यातले काही कार्यकर्ते अशा वेळी फार कठोर बोलतात. लपविले म्हणजे समाजाशी बेइमानी केली, असे त्यांचे म्हणणे. आम्हाला ते पटत नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला तेव्हा बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम या सरकारी कॉलेजात प्राध्यापक होते. पत्रावर संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते. पुढे मार्च महिन्यात बाबासाहेबांनी प्राध्यापकी सोडली. नाव कोठे घालायचे आणि कोठे नाही याचा विचार करणे हा कमीपणा नव्हे.

मात्र त्या मुलाला आम्ही दुसरी बाजूही सांगितली. लेखाचा उल्लेख काढलास तरी आडनाव अर्जाच्या पहिल्या ओळीत आहेच. मग शेवटची ओळ खोडून हाती काय लागणार? उलट तुझ्याकडे जे इतर बी. कॉम. वाल्यांकडे नाही तेच नेमके खोडले जाईल. म्हणून विचार करायचा तो कामाचा. वृत्तपत्र, प्रकाशन, भाषांतर, शिक्षण, जाहिरात, सामाजिक संस्था, अशा ठिकाणी लेखन हीच पात्रता असते. तेथे ते वरच्या बाजूला, ठळक लिहावे. हिशेबनिसाच्या जागेला एक ओळ पुरे.

आणि ती ओळ नीट लिहावी. ‘काव्यलेखन’ हा शब्द आमच्यासारखा फसवतो. लेखाचे नाव, अंकाचे नाव, वर्ष, एवढे द्यावे. स्मरणिकेतला लेख असेल तर स्मरणिका असेच लिहावे, त्यात लाजण्यासारखे काही नाही; पण स्मरणिकेला मासिक म्हणू नये. टोपणनावाने लिहिले असेल तर तेही कंसात द्यावे, नाहीतर कात्रण दुसऱ्याचे वाटते. फाईलभर कात्रणे नेऊ नयेत. एकच, उत्तम, स्वच्छ झेरॉक्स. आदल्या रात्री ते स्वतः वाचून जावे, कारण चार वर्षांपूर्वी आपण काय लिहिले हे आपल्याला आठवत नाही आणि समोरच्याने ते पाच मिनिटांपूर्वीच वाचलेले असते.

मुलाने शेवटी दोन कविता काढल्या. लेख ठेवला, तो बचत गटाच्या हिशेबावर आहे, आणि जागा लेखा विभागाची आहे. तिसरी कविता त्याच्या आईवर आहे, ती झाडूकाम करते. ती काढायला तो तयार झाला नाही, आम्हीही आग्रह धरला नाही. मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. रोज संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर आम्ही साहेब होऊन प्रश्न विचारतो आणि त्याचे वडील बाजूला बसून ऐकतात. लेखावरची उत्तरे आता बरी येतात. कवितेवर विचारले की तो अजून खाली बघतो.