जुनी लेन्स : चरा किती नडतो?

बोरगाव-निपाणी पट्ट्यातला लग्नाचे फोटो काढणारा एखादा तरुण सेकंडहँड लेन्स बघायला इचलकरंजी-कोल्हापूरला जातो आणि पुढच्या काचेवर बारीक चरा दिसला की ती बाजूला सारून लखलखीत लेन्सला जास्त पैसे मोजतो. ही पारख मला चुकीची वाटते. हिशेबच मांडू. 50 मिमी, एफ 1.8 लेन्सचं अपर्चर पूर्ण उघडं असताना प्रकाश साधारण 28 मिमी व्यासाच्या वर्तुळातून आत येतो, म्हणजे क्षेत्रफळ 600 चौरस मिमीच्या आसपास. एक सेंटीमीटर लांब आणि एक दशांश मिमी रुंद चरा त्यातला 1 चौरस मिमी अडवणार. शिवाय तो काचेवरच असल्याने फोकसमध्ये येत नाही, त्यामुळे त्याची रेघ फोटोत उमटत नाही.

यावर कोणी म्हणेल, मांडवातल्या दिव्यांसमोर काय? हा आक्षेप खरा आहे. चरा प्रकाश विखुरतो, त्यामुळे समोरून दिवा आला की काळा रंग राखाडी पडतो. अपर्चर एफ 16 केलं तर वर्तुळ 3 मिमीवर येतं आणि मधोमध असलेला तोच चरा त्यातला चार टक्के भाग व्यापतो. म्हणून चरा डोळ्यांनी जोखू नये. काळं कापड टांगावं, मोबाइलचा टॉर्च चौकटीच्या जरा बाहेर लेन्सकडे तोंड करून धरावा आणि फोटो काढून बघावा. काळा काळाच राहिला तर चऱ्याची चिंता सोडा. मागच्या काचेला मात्र ही सूट नाही. ती सेन्सरजवळ असते, तिथला चरा जास्त नडतो.

खरा धोका असतो तो वरून न दिसणाऱ्या गोष्टींत. दूधगंगा-वेदगंगेच्या काठी पावसाळाभर हवा ओली असते आणि बंद बॅगेत पडून राहिलेल्या लेन्समध्ये फंगस धरतो. मागून टॉर्च मारून पुढून तिरकं पाहिलं की कोळिष्टकासारखे धागे दिसतात. तो काचेवरचा लेप खातो, मग साफ करूनही डाग राहतो. दुसरी गोष्ट पोच्याची. चऱ्याकडे बघताना फिल्टरच्या कडेचा पोचा नजरेआड होतो, पण लेन्स पडल्याची खूण तीच, आणि पडलेल्या लेन्सची आतली काच सरकलेली असू शकते. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, अपर्चर पूर्ण उघडा आणि दोन सेकंदांच्या टायमरवर फोटो घेऊन चारी कोपऱ्यांतली अक्षरं मोठी करून वाचा. एकच कोपरा धूसर असेल तर कॅमेरा उलटा करून पुन्हा घ्या. धूसरपणा कागदाच्या त्याच कोपऱ्यात राहिला तर कॅमेरा भिंतीला समांतर नव्हता. तिरक्या समोरच्या कोपऱ्यात गेला तर दोष लेन्सचा.

चरा असलेली लेन्स पुढे विकताना भाव पडतो, हेही खरं. पण घेतानाही तो पाडूनच घ्यायचा असतो आणि मधल्या काळात मिळणाऱ्या फोटोंत चरा दिसत नाही. सरकलेल्या काचेचं तसं नाही, ती प्रत्येक ग्रुप फोटोत कडेच्या माणसाचा चेहरा धूसर करते. त्या लेन्सला विक्रेत्याने निम्मी किंमत सांगितली तरी घेऊ नये.