ड्रोन चार्ज होत नाही? वर्ध्याच्या उन्हात चार्जर बदलण्याआधी हे तपासा

वर्धा : एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई आणि ड्रोन शूटिंगचा हंगाम. याच दिवसांत जिल्ह्याचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा वेळी ड्रोन चार्ज झाला नाही, तर दोष चार्जरचाच असेल असे नाही. बॅटरी तापल्यानेही चार्जिंग थांबते.

चार्ज काय काय करायचे?
ड्रोन आणि रिमोटच्या बॅटऱ्या वेगवेगळ्या असतात, त्यामुळे दोन्ही चार्ज कराव्या लागतात. डीजेआय मिनी २ मध्ये दोन्हींना टाइप-सी केबल चालते. ड्रोनची बॅटरी ड्रोनमध्येच ठेवून चार्ज करत असाल, तर ड्रोन आधी बंद करा. तो चालू असेल, तर चार्जिंग होत नाही.

नवी बॅटरी सुरूच होत नाही?
सुरक्षिततेसाठी नवी बॅटरी ‘झोपेच्या’ स्थितीत पाठवली जाते. बटण दाबून दिवे लागले नाहीत, तरी घाबरू नका. एकदा चार्जिंगला लावली की ती जागी होते.

मोबाइलचा चार्जर चालेल?
चालेल, पण वॅट पाहा. मिनी २ च्या बॅटरीत सुमारे १७ वॅट-तास ऊर्जा मावते. जुन्या ५ वॅटच्या चार्जरने ती भरायला साडेतीन तासांहून अधिक वेळ लागेल. १८ वॅटच्या चार्जरने साधारण सव्वा ते दीड तासात काम होते.

उन्हाचा काय संबंध?
या बॅटरीची चार्जिंगची मर्यादा ५ ते ४० अंश सेल्सिअस आहे. उड्डाणानंतर बॅटरी आधीच तापलेली असते. तिच्यातील सर्किट तापमान ओळखते आणि चार्जिंग रोखते. हा बिघाड नाही, संरक्षण आहे. तापलेल्या अवस्थेत चार्जिंग झाल्यास लिथियम बॅटरीची क्षमता घटते, ती फुगते आणि आगीचाही धोका असतो.

मग करायचे काय?
- बॅटरी सावलीत, हवेशीर जागी निवू द्या. मगच चार्जिंगला लावा.
- लवकर गार व्हावी म्हणून फ्रीजमध्ये ठेवू नका. बाहेर काढताच तिच्यावर ओल धरते. कूलरच्या पाण्याचे तुषारही नकोत.
- उन्हात उभ्या कारमध्ये बॅटरी सोडू नका.
- गादी, सोफ्यावर किंवा मंडपाच्या कापडाजवळ चार्जिंग टाळा. चार्जिंग सुरू असताना लक्ष ठेवा.
- फुगलेली बॅटरी चार्ज करू नका, टोचू नका. ती ई-कचऱ्यातच द्या.
- हंगाम संपल्यावर बॅटरी निम्म्याच्या आसपास चार्ज करून ठेवा. दर तीन महिन्यांनी तपासा.

भर दुपारी उडवावा का?
मिनी २ ची उड्डाणाची मर्यादाही ४० अंशच आहे. दुपारच्या वरातीवर ड्रोन उडवायचा असेल, तर खाली माणसे आहेत, हे विसरू नका. बॅटऱ्या आदल्या रात्री चार्ज करा आणि ड्रोनचे शूटिंग सकाळी किंवा ऊन उतरल्यावर ठेवा.