ब्लेड बदललं, जळजळ तीच

"रेझर काय हो, कुठलाही चालतो. ब्लेड चांगलं पाहिजे." हे वाक्य मी सलूनच्या बाकावर ऐकलंय, लग्नाच्या जानवशात ऐकलंय, ऑफिसात चहाच्या टपरीवर तर कायमच ऐकतो. बोलणाऱ्याच्या गळ्यावर बहुधा लाल पुरळ उठलेलं असतं. आधी तो एका कंपनीचं ब्लेड आणतो, मग दुसरीचं, मग कुणीतरी सांगितलेलं रशियन. रेझर मात्र कॉलेजात असताना घेतलेलाच. जळजळ काही जात नाही, आणि खापर दर वेळी ब्लेडवर फुटतं.

ज्या माणसाने ब्लेड विकूनच पैसा केला, त्याचं म्हणणं तरी ऐका. किंग कँप जिलेटला अमेरिकेत १५ नोव्हेंबर १९०४ रोजी पेटंट मिळालं. त्यातला मुख्य दावाच असा आहे की हे ब्लेड इतकं पातळ आणि लवचीक आहे, की बाहेरून आधार दिल्याशिवाय त्याच्या धारेला ताठपणा येत नाही. म्हणजे ब्लेड एकटं काही कामाचं नाही, हे खुद्द जिलेटने लिहून ठेवलंय. त्याला शंभरावर वर्षं झाली, तरी आपण ब्लेडच्या पाकिटावरच भांडतोय.

आता रेझर उघडा. वर टोपी, मध्ये ब्लेड, खाली पाया. पायाच्या दोन्ही कडांना एक तर सलग दांडी असते, नाही तर दाते. ब्लेडची जाडी जेमतेम ०.१ मिलिमीटर. मूठ आवळली की टोपी ते पायावर दाबून वाकवते आणि त्या बाकामुळेच ते ताठ होतं. टोपी आणि पाया यांनी ब्लेड धारेच्या किती जवळ पकडलंय, यावर पुढचं सगळं ठरतं. पकड धारेपासून लांब असली, तर प्रत्येक खुंटाशी धार किंचित थरथरते. कानाला खरखर ऐकू येते आणि गालाला ओढ जाणवते. अशा रेझरमध्ये कितीही महागाचं ब्लेड घाला, ते थरथरणारच.

दुसरी गोष्ट घरीच तपासता येते. सहा इंची स्टीलची पट्टी घ्या आणि ती टोपीच्या कडेला आणि खालच्या दांडीला एकाच वेळी टेकवून बघा. (धारेवर घासू नका, बाजूने उजेडात बघा.) पट्टी म्हणजे तुमचा गाल. पट्टी दोन्हीकडे टेकली आणि धार आतच राहिली, तर रेझर मवाळ. धार नेमकी पट्टीला स्पर्श करत असेल, तर मध्यम. आणि मध्येच धार आडवी आल्यामुळे पट्टी दोन्हीकडे टेकायलाच तयार नसेल, तर रेझर जहाल. हा सगळा फरक मिलिमीटरच्या अंशाअंशातला. डोळ्यांना तो जेमतेम दिसतो, गळ्याला लगेच कळतो.

इथे थोडी माहिती असलेले लोक मध्ये पडतात. "ते सगळं गॅपवर असतं, गॅप जास्त तर रेझर जहाल." नाही हो! गॅप म्हणजे धार आणि खालची दांडी यांच्यातली फट. किती फेस आत जाईल, कातडी किती वर येईल, हे ती फट ठरवते. पण फट तेवढीच असलेले दोन रेझर, एकात धार आत आणि दुसऱ्यात बाहेर, चेहऱ्यावर अगदी वेगळे वागतात. हा घोळ बहुधा डायलवाल्या रेझरांमुळे झाला असावा. जिलेटने १९५०च्या दशकाच्या अखेरीस १ ते ९ आकडे असलेला रेझर आणला. आकडा वाढवला की पाया खाली सरकतो. फट वाढते आणि धारही बाहेर येते. दोन्ही एकदम घडतं, श्रेय मात्र एकट्या गॅपला मिळतं.

अजून पटत नसेल, तर सलूनमध्ये जाऊन बसा. तेच दुधारी ब्लेड मधोमध मोडून वस्तऱ्यात घालतात. त्याला ना टोपी, ना दांडी. तरी चांगल्या कारागिराच्या हातून दाढी केली की गाल शांत असतो, कारण एका हाताने तो कातडी ताणतो आणि दुसऱ्याने कोन राखतो. घरी हे काम रेझरच्या डोक्याने करायचं असतं. टोपी आणि दांडी दोन्ही कातडीला टेकली, की धार साधारण ३० अंशांवर बसावी, अशी त्याची रचना असते. पण त्यासाठी मूठ किती उचलायची, हे प्रत्येक रेझरचं वेगळं. नवा रेझर घ्यायचा, जुन्याच सवयीने धरायचा आणि मग म्हणायचं, "हा कापतो!"

दाते असलेला रेझर जहाल असतो, हीसुद्धा अफवाच. जिलेटचे सुरुवातीचे रेझर दातेवालेच होते. दात्यांमधून दाट फेस आणि वाढलेले केस सहज आत जातात, म्हणून आठवड्याच्या दाढीला ते बरे. ओरखडे दात्यांमुळे येत नाहीत, धार किती पुढे आली आहे त्यामुळे येतात.

जड रेझर आपोआप कापतो म्हणतात. वजनाने हात स्थिर राहतो, एवढंच. त्यावर आणखी दाबलंत, तर कातडी फटीत फुगते आणि मवाळ रेझरही जहाल होतो. काडतूसवाल्या रेझरवरून आलेल्यांना ही दाबायची खोड असतेच.

बाकीचं पटकन. दाढी केल्याने केस दाट होत नाहीत. मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी हे १९२८मध्येच मोजून दाखवलं; कापलेलं टोक बोथट असतं म्हणून केस राठ लागतो. गरम पाण्याने केस मऊ होतो, ब्लेडला धार येत नाही. पाती जास्त तितकी दाढी सुखाची, हेही खरं नाही. ज्यांना दाढीनंतर पुटकुळ्या येतात त्यांना अमेरिकेतली त्वचारोगतज्ज्ञांची संघटना एक किंवा दोन पात्यांचाच रेझर सुचवते. आणि केसासारख्या मऊ गोष्टीने स्टील कसं झिजेल, असं विचारणाऱ्यांसाठी: मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २०२०मध्ये 'सायन्स'मध्ये दाखवून दिलं, की केस स्टीलपेक्षा ५० पट मऊ असूनही, तो तिरका वाकून धारेवर आला आणि नेमका कच्च्या जागी लागला, की धारेचा कपचा उडतो. तीच त्वचारोगतज्ज्ञांची संघटना ५ ते ७ दाढ्यांनंतर ब्लेड बदला असं सांगते. "माझं तर एक ब्लेड महिनाभर जातं" असं अभिमानाने सांगणाऱ्यांची हनुवटी एकदा जवळून बघा.