बाळाचं औषध: एमएल नाही, आधी एमजी बघा

ज्यांना हा भाग ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी लिहून देतोय.

मी कळमन्याचा. मार्केट यार्डात जाणाऱ्या गाड्यांच्या हॉर्ननेच आमच्याकडे पहाट होते. अशाच एका पहाटे माझी सात महिन्यांची भाची तापाने फणफणली. सर्दी नाही, खोकला नाही, नुसता ताप आणि उलट्या. डॉक्टरांनी औषधाआधी लघवीचा नमुना घेतला. किडनीपर्यंत गेलेलं इन्फेक्शन निघालं.

आधी नमुना का? कारण अँटिबायोटिकचा एक डोस पोटात गेला, की लघवीतले जंतू कल्चरमध्ये नीट वाढत नाहीत. मग कोणता जंतू आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं, हे कळत नाही. बहुतेक वेळा तो ई. कोलाय असतो. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून औषध लगेच सुरू होतं आणि रिपोर्ट पाहून गरज पडली तर बदलतं.

आमच्याकडे सेफिक्झिमचं ड्राय सिरप आलं. मी सॉफ्टवेअरवाला, लगेच मोबाईलवर रिमाइंडर लावला: सकाळी ८, रात्री ८, ३.५ एमएल.

हे आकडे येतात कुठून? पहिला आकडा वजनावरून. भाची ७ किलोची. किलोमागे दिवसाला १० एमजी, म्हणजे ७०. दोन वेळा विभागून ३५ एमजी. बाटलीत ५ एमएलमध्ये ५० एमजी, म्हणून ३.५ एमएल. (हा हिशोब फक्त समजण्यासाठी. तुमच्या बाळाचा आकडा डॉक्टरच सांगतील.)

दुसरा आकडा तासांचा. सेफिक्झिमसारखी औषधं रक्तात पुरेशा प्रमाणात टिकून राहिली तरच जंतू मरतात, म्हणून दर १२ तासांनी. अमिकॅसिनचं इंजेक्शन उलट. त्याचा एकदम मोठा मारा लागतो, म्हणून सहसा दिवसातून एकदाच. अगदी तान्ह्या बाळाची किडनी औषध हळू बाहेर टाकते, तिथे तासांचं अंतरही बदलतं. दोन-तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला तर सहसा भरती करून शिरेतूनच औषध देतात. एवढं लहान बाळ तापलं तर घरी वाट बघू नका.

तिसरा आकडा दिवसांचा. आम्हाला १० दिवस सांगितले होते. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि आई म्हणाली, "बरी झाली ना पोरगी, कशाला उगाच औषध पाजता?" पण ताप उतरला म्हणजे किडनीतले जंतू संपले असं नाही. उरलेले पुन्हा वाढले आणि किडनीवर व्रण पडला, तर तो कायमचा. उलट दोन दिवसांत ताप हललाच नाही, तर डॉक्टरांना लगेच कळवायचं.

आता माझी चूक. ३० एमएलची बाटली चार दिवसांत संपली. नेहमीच्या मेडिकलमध्ये नव्हती, म्हणून दुसरीकडून आणली. तेच नाव, तसाच खोका. रिमाइंडर वाजला, मी ३.५ एमएल भरलं. ताई म्हणाली, "थांब रे, यावर १०० लिहिलंय." ५ एमएलमध्ये १०० एमजी! म्हणजे दुप्पट डोस जाणार होता. माझ्या ॲपमध्ये एमएल होतं, एमजी नव्हतंच. डॉक्टरांना फोन केला, बाटली बदलून आणली.

तेव्हापासून रिमाइंडरमध्ये चार गोष्टी लिहितो: औषधाचं नाव, एमजी, बाटलीची ताकद आणि शेवटची तारीख. पावडरमध्ये उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंतच घालायचं, दर वेळी बाटली हलवायची, घरातला चमचा नाही, मापाची सिरिंज वापरायची. डोसनंतर बाळाने उलटी केली, तर मनाने पुन्हा पाजायचं नाही, डॉक्टरांना विचारायचं.

भाचीचे १० दिवस पूर्ण झाले, सोनोग्राफीही नीट आली. आता ती माझाच फोन ओढते.

घरात लहान बाळ असेल, तर आज फ्रिजवरची बाटली उचला आणि लेबल एकदा वाचा. भेटू पुढच्या भागात!