पहिल्या नोंदीची मातब्बरी

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीस घेतलेल्या खोल विंधणछिद्रात सुमारे ३३८ मीटर काळा पाषाण ओलांडल्यावर खाली जो ग्रॅनाइटी पायाखडक लागला, त्याच्याच जातकुळीचा खडक नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे उघड्यावर दिसतो. अशा खडकातील पोटॅशियम, युरेनियम व थोरियम यांचा अंश गॅमा किरणांवरून ठरविता येतो. मात्र त्या मापनात डिटेक्टरलगत बसणाऱ्या पूर्वप्रवर्धकाविषयी, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीतील 'प्री-अँप'विषयी, बऱ्याच भ्रामक समजुती रूढ आहेत.

प्री-अँप केवळ संकेत मोठा करतो, ही त्यांतील पहिली. पोटॅशियम-४०चा १४६१ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा किरण जर्मेनियमच्या स्फटिकात आपली सर्व ऊर्जा देऊन संपला, तर सुमारे पाच लाख इलेक्ट्रॉन मोकळे होतात. हा तुटपुंजा ऐवज १ पिकोफॅरडच्या कपॅसिटरवर जमा करून त्याची ८० मिलिव्होल्टची पायरी दाखविणे, हे त्याचे खरे काम. तो दवंडीवाला नव्हे, खजिनदार आहे.

गोंगाट पुढे गाळता येईल, ही समजूत अर्धसत्य असल्याने अधिक घातक. पुढील टप्प्यात स्पंदाला योग्य आकार दिल्याने बराच गोंगाट निघतो खरा. परंतु गावच्या पटवाऱ्याने दफ्तरात मूळ नोंदच चुकविली, तर तहसिलीत ती कितीही सुवाच्य अक्षरांत उतरविली तरी दुरुस्त होत नाही, तद्वत् प्रवेशद्वारीच्या ट्रान्झिस्टरने मिसळलेला दोष संकेताबरोबर वाढतच जातो. म्हणूनच तो ट्रान्झिस्टर डिटेक्टरच्या धारितेशी जुळणारा निवडतात, आणि जर्मेनियमच्या संचात पुष्कळदा द्रव नायट्रोजनने थंड केलेल्या स्फटिकाशेजारीच बसवितात. सोयीसाठी मध्ये लांब केबल टाकणाऱ्याने ध्यानात ठेवावे की नेहमीच्या केबलीचा प्रत्येक मीटर सुमारे १०० पिकोफॅरडची भर घालतो व गोंगाट वाढवितो.

प्रत्येक डिटेक्टरला असा नाजूक प्री-अँप लागतो, असेही नाही. महाविद्यालयांतील गायगर-म्युलर नळीचा स्पंद स्वतःच व्होल्टच्या घरात असतो.

राहिला कपॅसिटर रिता करणारा रोधक. तो जितका मोठा तितका उत्तम, असे म्हणणारे गोंगाटापुरते बरोबर आहेत. पण १ गिगाओहमचा रोधक १ पिकोफॅरडला जोडला की कालांक एक मिलिसेकंद होतो. खडकाच्या विरळ स्पंदांना तो बाधत नाही. प्रबळ कोबाल्ट स्रोतासमोर मात्र पायरीवर पायरी चढून प्री-अँपची तसलमातच संपून जाते.