हेवी मेटल व डेथ मेटल संगीत

रॉक संगीतातून १९७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये उदयास आलेला, विद्युत् गिटारच्या विरूपित ध्वनीवर आधारलेला संगीतप्रकार म्हणजे हेवी मेटल होय. त्याच्या उग्र शाखांपैकी डेथ मेटल ही शाखा १९८० नंतरच्या दशकात मुख्यतः अमेरिकेत विकसित झाली. महाराष्ट्रात ह्या संगीताचे केंद्र मुंबई हे असून ठाणे, कल्याण, डोंबिवली ही उपनगरी मार्गावरील नगरे त्याच्याच परिघात मोडतात.

ह्या संगीताची संभावना ‘गोंगाट’ ह्या एका शब्दात करण्याची प्रवृत्ती सुशिक्षितांतही आढळते. ते कर्कश आहे हे खरे. परंतु ते अनघड नाही. ध्वनिवर्धकाला त्याच्या क्षमतेपलीकडे संकेत पुरविला, की ध्वनितरंगाचे शेंडे छाटले जातात आणि मूळ स्वराबरोबर अनेक उपस्वर उमटतात. ह्यालाच विरूपण म्हणतात. अशा दाट ध्वनीत षड्ज, गांधार व पंचम ही पूर्ण स्वरसंहती वाजविल्यास उपस्वर परस्परांत मिसळून अस्पष्टता येते. म्हणून गांधार वगळून षड्ज-पंचम आणि वरचा षड्ज एवढेच स्वर एकत्र छेडतात. तंबोऱ्याच्या जोडीवर ज्यांचा कान तयार झाला आहे, त्यांना हे स्वरांतर मुळीच परके नाही. उजव्या तळहाताची कड तारांवर टेकवून केलेले तुटक आघात, दोन्ही पायांनी वाजविला जाणारा मोठा ढोल आणि खालच्या सप्तकात पुन:पुन्हा येणारे लहान स्वरवाक्य ही त्याची इतर लक्षणे होत.

बर्मिंगहॅम ह्या औद्योगिक शहरात १९६८ मध्ये स्थापन झालेला ‘ब्लॅक सॅबथ’ हा वाद्यवृंद ह्या प्रकाराचा जनक मानण्यात येतो. त्याचा गिटारवादक टोनी आयोमी (जन्म १९४८) हा तरुणपणी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या अखेरच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्याने तारा दाबण्याचा हात नेमका हाच होता. दोन अधू बोटांनिशी जॅझवादन करणाऱ्या जँगो राइनहार्ट ह्याची ध्वनिमुद्रिका ऐकून त्याला धीर आला. प्लॅस्टिक वितळवून त्याने बोटांना टोप्या केल्या, त्यांवर चामडे चढविले आणि हलक्या तारा वापरण्यास प्रारंभ केला. पुढे मास्टर ऑफ रिअॅलिटी (१९७१) ह्या ध्वनिमुद्रिकेत गिटार तीन श्रुत्यंतरांनी नव्हे, तर तब्बल तीन अर्धस्वरांनी खाली उतरविलेली आढळते. तारा सैल झाल्याने त्या दाबणे सोपे गेले व नादही अधिक गंभीर झाला. कारखान्यातील एका अपघाताचा अवशेष अशा रीतीने एका संगीतप्रकाराच्या नादात कायमचा राहिला.

ह्याच वृंदाच्या १३ फेब्रुवारी १९७० रोजी प्रसिद्ध झालेल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील शीर्षकगीत षड्ज व तीव्र मध्यम ह्या स्वरांतरावर उभारलेले आहे. हे स्वरांतर यूरोपीय परंपरेत सैतानी मानले जाई. चर्चने त्यावर बंदी घातल्याची कथा मात्र बरीचशी रंगविलेली दिसते. यमन ऐकत वाढलेल्या श्रोत्याला तीव्र मध्यमात भीतिदायक काही जाणवणार नाही. फरक असा, की यमनातील मध्यम पंचमाकडे झुकतो, तर येथे तो अधांतरी सोडून दिलेला असतो. पुढील काळातील मेटल रचनांत भैरवी थाटाशी जुळणारी स्वरावली, विशेषतः कोमल रिषभ, वारंवार येते. ब्लॅक सॅबथचा गायक ऑझी ऑझ्बर्न (१९४८–२०२५) ह्याने ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅम येथेच अखेरचा कार्यक्रम केला व त्याच महिन्यात त्याचे निधन झाले.

‘लेड झेपेलिन’ व ‘डीप पर्पल’ ह्या समकालीन वृंदांचाही ह्या घडणीत वाटा आहे. ‘जुडास प्रीस्ट’ने ब्लूज संगीताची छाया दूर सारून दोन गिटारांची जुगलबंदी व चामडी पोशाख रूढ केला, ‘मोटरहेड’ने वेग आणला, ‘आयर्न मेडन’ने (स्थापना १९७५) ऐतिहासिक व वाङ्मयीन विषय हाताळले. ‘मेटॅलिका’, ‘स्लेयर’, ‘मेगाडेथ’ व ‘अँथ्रॅक्स’ ह्या अमेरिकी वृंदांनी १९८१ नंतर थ्रॅश मेटल हा अतिद्रुत प्रकार प्रचारात आणला.

थ्रॅशमधूनच डेथ मेटल निघाले. सॅन फ्रॅन्सिस्को परिसरातील ‘पझेस्ड’ ह्या वृंदाची सेव्हन चर्चेस (१९८५) ही ध्वनिमुद्रिका आणि फ्लॉरिडातील ‘डेथ’ ह्या वृंदाची स्क्रीम ब्लडी गोर (१९८७) ही त्याची आरंभीची गमके होत. ‘डेथ’चा प्रवर्तक चक शुल्डिनर (१९६७–२००१) हा ह्या शाखेतील सर्वांत विचारी रचनाकार म्हटला पाहिजे. त्याची सुरुवातीची गीते रक्तपाताच्या वर्णनांनी भरलेली आहेत; ह्यूमन (१९९१) पासून मात्र तो माणसाच्या मनोव्यापारांकडे वळला. टँपा येथील मॉरिसाउंड ह्या ध्वनिमुद्रणगृहात ‘मॉर्बिड एंजल’ची ऑल्टर्स ऑफ मॅडनेस (१९८९) व तिच्या बरोबरीच्या अनेक ध्वनिमुद्रिका सिद्ध झाल्या. स्वीडनमध्ये ‘एंटूम्ड’ने ह्या शाखेला निराळा, अधिक खरखरीत नाद दिला.

डेथ मेटलमधील गुरगुरता आवाज नवख्याला सर्वांत खटकतो. तो नुसते ओरडून निघत नाही. स्वरतंतूंच्या वर असणारे मिथ्या स्वरतंतू कंपित करून व श्वासाचा दाब आवरून तो काढावा लागतो. रियाजाशिवाय तो काढू पाहणाऱ्याचा गळा बसतो. शब्द मात्र बहुधा कळत नाहीत, आणि हा ह्या गायनाचा दोषच होय.

मुंबईत १९८४ मध्ये ‘रॉक मशीन’ (१९९३ पासून ‘इंडस क्रीड’) हा वृंद स्थापन झाला. त्याचे संगीत हेवी मेटलच्या सीमेवरचे होते. १९८६ मध्ये ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा वार्षिक महोत्सव सुरू झाला व धोबी तलाव येथील रंगभवन हे खुले नाट्यगृह त्याचे घर बनले. १९९८ मध्ये निघालेला ‘सेप्टर’ हा थ्रॅश वृंद आणि साहिल मखीजा ह्याने २००० मध्ये स्थापिलेला ‘डिमॉनिक रेझरेक्शन’ ह्यांच्यापासून मुंबईच्या स्वतंत्र मेटल रचनांचा काळ धरता येतो. दुसऱ्या वृंदाने २०१० मध्ये नॉर्वेतील ‘इन्फर्नो’ महोत्सवात वादन केले. त्याच्या दशावतार (२०१७) ह्या ध्वनिमुद्रिकेत मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांवर दहा गीते आहेत. ‘भयानक मौत’ (२००३) ह्या वृंदाने दोन गायक ठेवून डेथ मेटलची वेगळी धाटणी सिद्ध केली. ‘स्क्राइब’ने हिंदी चित्रपटांतील खलनायकांची थट्टा आपल्या मार्क ऑफ तेजा (२०१०) व हेल मोगॅम्बो (२०१४) ह्या ध्वनिमुद्रिकांच्या नावांतच गुंफली. ‘गटस्लिट’ (२००७) ह्या वृंदाने यूरोपात दौरे केले. आयर्न मेडनने १ फेब्रुवारी २००८ रोजी आपल्या जागतिक दौऱ्याचा आरंभ मुंबईतूनच केला. वृंदाचे विमान चालविण्यात त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन हाही होता. ह्या सर्व वृंदांची गीते प्राधान्याने इंग्रजीत आहेत. मराठीत ह्या प्रकारची रचना अपवादानेच आढळते.

ह्या संगीताचा खरा प्रश्न जागेचा आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा असून रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये ह्यांच्याभोवती किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. रंगभवन नेमके रुग्णालये व महाविद्यालयांच्या शेजारी असल्याने तेथील असे कार्यक्रम बंद पडले. इंडिपेंडन्स रॉक पुढे अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर गेला. हेच नियम ठाण्याकडे आले ते उत्सवांच्या निमित्ताने. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर ह्यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये दिलेल्या निर्णयात, ध्वनिवर्धक वापरणे हा धर्माचा अत्यावश्यक भाग नव्हे, असे म्हटले आहे. डोंबिवलीच्या गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेतील ढोल-ताशा पथकाजवळ जो उभा राहिला आहे, त्याला हेवी मेटलच्या ध्वनितीव्रतेचे नवल वाटू नये. पण ढोल-ताशाला वर्षातले ठरलेले दिवस आहेत आणि त्यामागे समाजाची मान्यता आहे. मेटल वृंदाला हे दोन्ही नाही.

बंदिस्त सभागृहांना रात्री दहानंतरच्या बंदीतून सूट असल्यामुळे हे संगीत मुंबईतील लहान खोल्यांत शिरले. अंधेरीचे ‘बी ६९’ हे काही वर्षे असे एक ठिकाण होते. महाविद्यालयीन महोत्सवांतील स्पर्धा, विशेषतः पवईच्या ‘मूड इंडिगो’तील ‘लाइव्हवायर’, ही होतकरू वृंदांची दुसरी पायरी. ठाण्याचे गडकरी रंगायतन, कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर व डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले नाट्यगृह ही नाटक व गायनासाठी बांधलेली सभागृहे आहेत. त्यामुळे अंधेरीचा कार्यक्रम ऐकून परतणाऱ्या कल्याणच्या श्रोत्याला वाटेत गाडी बदलावी लागते, आणि अखेरच्या लोकलची वेळ सांभाळताना मुख्य वृंदाचे शेवटचे गीत बहुधा सोडून द्यावे लागते.